गोव्यात महिना-भाड्याचे घर सोडताना: नोटीस, चावी आणि डिपॉझिट

प्रश्न असा आहे. म्हापशात दोन खोल्यांचे घर, भाडे महिना १४,००० रुपये, डिपॉझिट २८,०००. ११ महिन्यांचा करार संपून दीड वर्ष झाले, नवा कागद झाला नाही, भाडे मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला नियमित जात राहिले. मालकीणबाई दुबईला असतात, भाडे त्यांचा आसगावचा भाऊ घेतो. आता फोंड्याला बदली झाली आहे आणि ४ ऑगस्टपर्यंत घर रिकामे करायचे आहे. किती दिवस आधी सांगायचे, कोणाला सांगायचे, आणि शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घ्या म्हटले तर चालेल का?

आधी थोडक्यात. नोटीस लेखी द्या, सही करून द्या, एक महिन्याची द्या आणि ती ४ जुलैच्या आत समोरच्याच्या हाती पडेल असे बघा. नाव मालकीणबाईंचे घाला, प्रत भावाला द्या. डिपॉझिटमधून भाडे वळते करणे त्यांच्या लेखी संमतीशिवाय करू नका. घर सोडाल त्या दिवशी चावी मिळाल्याची पोच सहीनिशी घ्या. भाड्याच्या घराचे बहुतेक तंटे दोन तारखांवरून होतात: नोटीस कधी मिळाली आणि चावी कधी मिळाली. या दोन तारखांचा कागद हातात असला की बाकी हिशेब बसल्या बैठकीत मिटतो.

तुमचे भाडे कोणत्या प्रकारात बसते

करार संपला म्हणून तुम्ही बेकायदा राहताय असे नाही. मुदत संपल्यावर भाडेकरू राहिला आणि मालकाने भाडे घेतले, की मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ११६ प्रमाणे भाडेपट्टा पुढे चालू राहतो, आणि राहत्या घराच्या बाबतीत तो महिना-दर-महिना धरला जातो. असा भाडेपट्टा संपवायला कलम १०६ खाली १५ दिवसांची नोटीस पुरते. मात्र वेगळा करार, स्थानिक कायदा किंवा रूढी नसेल तरच हे १५ दिवस. म्हणून पहिले काम जुना करार शोधून काढणे. गोव्यात ११ महिन्यांच्या बहुतेक करारांत ‘कोणत्याही पक्षाने एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी’ अशी ओळ असते. मुदत संपल्यावर ती अट टिकते की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतील. तुम्हाला वाद जिंकायचा नाही, डिपॉझिट परत हवे आहे. दोन्हीपैकी जी मुदत मोठी, ती पाळा.

करारात ‘लॉक-इन’ (ठरावीक काळ घर सोडता येणार नाही अशी अट) असले तर त्याची काळजी या घडीला नको. ती मुदत मूळ ११ महिन्यांतली होती आणि केव्हाच संपली. कागदावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ (भाडेपट्टा नव्हे, राहण्याची केवळ परवानगी) असे शीर्षक असले तरी तुमच्या बाजूने कृती तीच. शीर्षक काहीही असो, घराचा स्वतंत्र ताबा दिला होता का आणि पक्षांचा हेतू काय होता, हे कोर्ट बघते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यापासून हेच धरले आहे.

इथे एक सावधगिरी. मराठीत भाडेकरारावर इंटरनेटवर जे वाचायला मिळते ते नव्वद टक्के महाराष्ट्राचे असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, त्यातली करारनोंदणीची सक्ती, तिथली ऑनलाइन नोंदणी, यांतले काहीही गोव्याला लागू नाही. गोव्याचा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा १९६८ चा आहे. तो मुख्यतः मालकाला बांधतो: कायद्यात दिलेले कारण आणि भाडे नियंत्रकाचा आदेश असल्याशिवाय त्या कायद्याखालच्या भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. स्वतःहून जाणाऱ्या भाडेकरूला कारण सांगावे लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. ‘डिपॉझिट दोन महिन्यांहून जास्त घेता येत नाही’ हेही खूप फिरते. ती तरतूद केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरी कायद्यातली आहे, आणि तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो कुठेच लागू होत नाही.

दिवस कसे मोजायचे

नोटीस लिहिली ती तारीख नाही, पोस्टात टाकली ती नाही, मिळाली ती तारीख धरायची. २००२ च्या दुरुस्तीनंतर कलम १०६ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. मिळाल्याचा दिवस सोडून पुढचे दिवस मोजा. तुमचा भाड्याचा महिना ५ तारखेला सुरू होऊन ४ तारखेला संपतो. ४ जुलैला नोटीस मिळाली तर ५ जुलै ते ४ ऑगस्ट हा पूर्ण महिना होतो. केवळ १५ दिवसांच्या हिशेबाने गेलात तर शेवटची तारीख २० जुलै: २१ ते ३१ जुलैचे ११ दिवस आणि ऑगस्टचे ४. पोस्टाचे दिवस, पावसाने खोळंबलेले टपाल आणि भाऊ गावात नसण्याची शक्यता धरून नोटीस २५ जूनच्या सुमारास बाहेर पडलेली बरी.

दुरुस्तीपूर्वी नोटीस भाड्याच्या महिन्याच्या शेवटाशीच संपावी लागे. आता तशी सक्ती नाही, तरी मी त्याच तारखेचा आग्रह धरीन. नोटीस महिन्याच्या मधे संपली तर भाडेपट्टा संपेल, पण आगाऊ दिलेल्या महिन्यातल्या उरलेल्या दिवसांचे पैसे परत मागायला करारात आधार हवा, आणि तो क्वचितच असतो. ४ ऑगस्ट ही तुमची तारीख महिन्याच्या शेवटाशी जुळते, ती बदलू नका.

मालकीणबाईंना घर लवकर हवे असेल आणि तुम्हालाही लवकर निघणे जमत असेल, तर नोटिशीच्या मुदतीची गरजच उरत नाही. दोघांच्या संमतीने कोणत्याही दिवशी ताबा परत देता येतो. ‘अमुक तारखेला ताबा परत देण्याचे दोघांनी मान्य केले, त्या दिवसापर्यंतचे भाडे इतके’ अशा दोन ओळी आणि दोन सह्या पुरतात. किनाऱ्यालगतच्या गावांत ऑक्टोबरपासून पर्यटकांचा हंगाम लागतो, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घर मोकळे होणे कित्येक मालकांच्या पथ्यावर पडते. विचारून बघायला हरकत नाही.

नोटीस कोणाच्या नावाने

करारावर ज्यांची सही आहे त्यांच्या नावाने. भाऊ भाडे घेतो म्हणून तो मालक ठरत नाही, आणि भाडे घेण्याचा अधिकार असला की नोटीस घेण्याचाही असतोच असे नाही. त्याच्याकडे मुखत्यारपत्र असेल तर त्याची झेरॉक्स मागून घ्या, मग त्याच्या सहीला पूर्ण किंमत आहे. नसेल तर नोटीस मालकीणबाईंच्या नावाने, भावाला प्रत, आणि त्यांना स्वतःला ई-मेल व व्हॉट्सअ‍ॅपवर सहीच्या नोटिशीची पीडीएफ. तीन वाटांनी गेलेली नोटीस ‘मिळालीच नाही’ म्हणणे कोणालाही जड जाते.

गोव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. करारावर दोघांच्या सह्या असतील तर नोटिशीतही दोघांची नावे घाला. मूळ मालक वारले असतील आणि घर अजून इन्व्हेंटरीत (वारसांतल्या वाटणीच्या कोर्टाच्या प्रक्रियेत) अडकले असेल, तर जो वारस आजवर भाडे घेत आला त्याच्या नावाने ‘आणि इतर वारस’ असे लिहून द्या. डिपॉझिट कोण परत करणार हे मात्र त्याच वेळी लेखी विचारा. डिपॉझिट घेतले वडिलांनी आणि चावी घेणार तीन भावंडांतला एक, अशा घरांत पैसे अडकतात ते इथेच.

नोटिशीचा मजकूर

कारणे, आभार, तक्रारी यांतले काही नको. एवढेच पुरे:

‘दिनांक: २४ जून
प्रति: श्रीमती (पूर्ण नाव), करारातील पत्ता. प्रत: श्री. (भावाचे नाव), आसगाव.
विषय: घर क्रमांक ___, (वाडा), म्हापसा येथील भाड्याचे घर सोडण्याची नोटीस.
वरील घर मी आपल्याकडून दरमहा १४,००० रुपये भाड्याने घेतले असून दिनांक ___ चा लेखी करार संपल्यानंतर ते महिना-दर-महिना चालू आहे. हे भाडे मी या नोटिशीने ४ ऑगस्टअखेर संपवत आहे. त्या दिवशी सकाळी ११ वाजता घराचा रिकामा ताबा व सर्व चाव्या आपल्याला किंवा आपण लेखी कळवाल त्या व्यक्तीला देईन. ४ ऑगस्टपर्यंतचे भाडे मी देईन. वीज व पाण्याची देणी त्या दिवशीच्या मीटरच्या आकड्याप्रमाणे मिटवून डिपॉझिटचे २८,००० रुपये त्याच दिवशी परत करावेत. घराची पाहणी २ ऑगस्टला एकत्र करू, सोयीची वेळ कळवावी.
सही, पूर्ण नाव, फोन, नवा पत्ता.’

नवा पत्ता लिहायला विसरू नका. डिपॉझिट उशिरा आले किंवा एखादे बिल नंतर निघाले तर पत्रव्यवहार तिथे येणार. ‘सोडण्याचा विचार आहे’, ‘बहुतेक ऑगस्टमध्ये’ असली वाक्ये नोटीस ठरत नाहीत. तारीख एकच आणि ठाम हवी. नोटीस मराठीत दिली तरी ती पूर्ण वैध आहे. दुबईत कोणी इंग्रजी कागद दाखवा म्हणेल अशी शक्यता असेल तर इंग्रजी प्रत सोबत जोडा, सही दोन्हींवर करा. घरात दोघे-तिघे भाडेकरू असतील आणि करारावर सगळ्यांची नावे असतील तर सगळ्यांनीच सही करावी. कंपनीने घर घेऊन दिले असेल तर नोटीस कंपनीच्या लेटरहेडवरून जायला हवी, तुमची सही त्यावर चालणार नाही.

पोचवायची कशी

सगळ्यांत भक्कम वाट साधी आहे. दोन प्रती काढा, भावाच्या घरी जा, एक द्या आणि दुसरीवर ‘मूळ प्रत मिळाली’, तारीख, सही, नाव घेऊन या. कायदा म्हणतो की नोटीस पोस्टाने पाठवावी, स्वतःच्या हाती द्यावी किंवा त्या व्यक्तीच्या निवासस्थानी घरच्या माणसाला अथवा नोकराला द्यावी. यातले काहीच शक्य नसेल तेव्हा घराच्या दर्शनी भागी चिकटवता येते. मालकीणबाईंचे निवासस्थान दुबई आणि भाऊ राहतो आसगावला, त्यामुळे केवळ त्याच्या सहीवर विसंबू नका. करारात जो पत्ता लिहिला आहे त्यावर पोस्टानेही पाठवा.

पोस्टात आता बदल झाला आहे. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट वेगळे राहिलेले नाही, ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. काउंटरवर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट मागता येते. त्यात पाकीट नाव असलेल्या किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्याच हाती दिले जाते, आणि लोक फसतात ते इथेच: मालकीणबाईंच्या नावाचे पाकीट आसगावला पाठवले आणि त्या दुबईत असल्या तर पोस्टमन ते भावाला देणार नाही, पाकीट परत येईल. म्हणून भावासाठीची प्रत भावाच्याच नावाने वेगळ्या पाकिटात घाला. पत्त्यात घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, पिनकोड सगळे लिहा. गावचा पोस्टमन नुसत्या नावावरूनही पत्र पोचवतो, पण वाद झाला तर पत्ता पूर्ण होता हे तुम्हाला दाखवावे लागते.

पावती जपा आणि पाकीट पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच ट्रॅकिंगचे पान छापून घ्या. ते वेबसाइटवर कायम दिसत नाही. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आले तर ते उघडू नका. शेरा, शिक्के आणि बंद पाकीट हाच पुरावा. योग्य पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर पोस्टाने पाठवलेले पत्र पोचले असे कायदा गृहीत धरतो (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७, कलम २७), आणि मुद्दाम न घेणाऱ्याला त्याचा फायदा मिळत नाही.

फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले तर? करारातच ‘नोटीस ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल’ असे असेल तर प्रश्न नाही. नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपला पूरक समजा, मुख्य नव्हे. तरी त्याची किंमत मोठी आहे, कारण समोरून ‘ओके, ४ ऑगस्टला चावी भावाकडे दे’ असे उत्तर आले की नोटीस मिळाली हे मान्यच झाले. स्क्रीनशॉटमध्ये नाव नको, नंबर दिसू द्या. तारीख दिसली पाहिजे. गप्पा पुसू नका, फोन बदलणार असाल तर आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. कोर्टापर्यंत गेलेच तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र त्यासोबत लागते, आणि मूळ चॅट शाबूत नसेल तर ते देणे कठीण होते.

नोटीस दिल्यानंतरचे दिवस

भाडे नेहमीप्रमाणे द्या. ५ जुलैचे भाडे तर द्यायलाच हवे. डिपॉझिट ही घराच्या नुकसानीपोटी आणि थकबाकीपोटी ठेवलेली रक्कम आहे, आगाऊ भाडे नव्हे. शेवटचे महिने बुडवून ‘डिपॉझिटमधून घ्या’ म्हणणारा स्वतःच करार मोडतो, आणि मग मालकाने रंगाचे, नळाचे, सफाईचे मनमानी पैसे मागितले तरी आपली बाजू कमजोर पडते. तरीही मालकीणबाई परदेशात आहेत, पैसे परत यायला वेळ लागेल ही तुमची भीती रास्त आहे. त्यावर मधला तोडगा मागा: जुलैचे भाडे डिपॉझिटमधून वळते, उरलेले १४,००० वीजबिल आणि किरकोळ दुरुस्तीपोटी त्यांच्याकडे, आणि चावी देताना हिशेब. त्या ‘हो’ म्हणाल्या तर तेवढा मेसेज लेखी घ्या. ‘नाही’ म्हणाल्या तर भाडे भरा.

दिलेली नोटीस तुम्हाला एकतर्फी मागे घेता येत नाही. आणि ४ ऑगस्टनंतर तुम्ही राहिलात, ५ तारखेला भाडे दिले आणि ते घेतले गेले, तर नोटीस सोडून दिली असा अर्थ निघू शकतो (कलम ११३), मग पुन्हा पहिल्यापासून. फोंड्याचे घर आठवडाभर उशिरा मिळणार असेल तर आधीच लिहून घ्या: ‘नोटीस कायम, ताबा ११ ऑगस्टला, वाढीव ७ दिवसांचे भाडे इतके.’ दररोजच्या हिशेबाने ५ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर हे ३१ दिवस धरले तर ७ दिवसांचे ३,१६१ रुपये होतात.

घराची अवस्था

कायद्याने तुमच्यावर बंधन इतकेच की घर मिळाले तशा स्थितीत परत द्यावे, रोजच्या वापराची झीज आणि आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी वगळून. गोव्याच्या पावसात हे ‘वगळून’ फार महत्त्वाचे ठरते. ऑगस्टच्या सुरुवातीला घर सोडताना भिंतीला ओल असणार, कपाटामागे काळी बुरशी असणार, दाराची चौकट फुगलेली असणार, कौलारू घर असेल तर एखादे कौल सरकून गळतही असेल. छपरातून, बाहेरच्या भिंतीतून किंवा जमिनीतून वर चढलेली ओल ही मालकाची बाब आहे. दोन महिने घर बंद ठेवून आत बुरशी माजू दिली किंवा मोरीची तुंबलेली जाळी साफ न केल्याने पाणी मुरले, तर ती तुमची. म्हणून गळती दिसली की त्याच दिवशी फोटोसह कळवा. जूनमध्ये कळवलेली गळती ऑगस्टमध्ये तुमच्या नावावर लागत नाही.

बुरशीवर चुना किंवा रंग फासून ती झाकू नका. पंधरा दिवसांत ती वर येते आणि तुम्ही लपवले असे दिसते. कोरड्या फडक्याने पुसा, ब्लीच पाण्यात मिसळून लावा, पंखा लावून वाळवा, आणि उरलेला डाग आहे तसा फोटोत घ्या.

भिंतीतली खिळ्यांची व ड्रिलची भोके पुट्टीने बुजवा. बाहेर पडताना रंग काढून देण्याची अट करारात असेल तर ती पाळावी लागेल, नसेल तर दोन वर्षांत मळलेला रंग ही झीज आहे. तुम्ही बसवलेले पंखे, गीझर, एसी, इन्व्हर्टर काढून न्यायचा हक्क तुम्हाला आहे, पण ताबा तुमच्याकडे असेपर्यंतच, आणि काढल्यावर जागा पूर्ववत करायची. एसीच्या पाइपाचे भोक बुजवायला गवंडी लागतो, आणि पावसात बाहेरच्या बाजूचे सिमेंट नीट धरत नाही. ते जुलैच्या एखाद्या उघडिपीच्या दिवशी उरकून घ्या, ३ ऑगस्टवर ठेवू नका.

पाहणी दोन दिवस आधी, बहुतेक सामान हलल्यावर. कपाट हलवल्यावरच भिंत दिसते. प्रत्येक खोलीचा दारातून सलग व्हिडिओ घ्या, मग नळ, फ्लश, सिंकखालचा पाइप, खिडक्यांचे कडी-कोयंडे, ओटा, बाल्कांवातली (दारापुढच्या ओसरीतली) फरशी यांचे जवळून फोटो. भाऊ येणार नसेल तर त्याला व्हिडिओ पाठवून ठेवा.

वीज, पाणी, गॅस

वीजजोडणी मालकीणबाईंच्या नावावर असेल तर ती तोडण्याचा अर्ज चुकूनही करू नका. तुम्हाला फक्त हिशेब मिटवायचा आहे. शेवटचे बिल नेहमी घर सोडल्यावर येते, म्हणून चावी देण्याच्या वेळी मीटरचा फोटो घ्या, आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसतील असा. समजा मागच्या बिलातला आकडा ८,४१२ आणि आज ८,५३०, म्हणजे ११८ युनिट. मागच्या बिलाची एकूण रक्कम त्याच्या युनिटनी भागली की स्थिर आकारासह सरासरी दर निघतो. त्याने ११८ ला गुणून जी रक्कम येते ती डिपॉझिटमधून कापू द्या, आणि प्रत्यक्ष बिल आल्यावर फरक इकडे-तिकडे करू असे कागदावर लिहा. बिलात मागची थकबाकी दिसते का तेही बघा. पाण्याचे बिल याच पद्धतीने. विहिरीचे किंवा टँकरचे पाणी असेल तर त्याचे पैसे कोणाकडे बाकी आहेत ते विचारा.

गॅसजोडणी तुमच्या नावाची असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर मालकाकडे सोडून जाऊ नका. फोंड्याच्या एजन्सीकडे जोडणी हलवायची असेल तर म्हापशाच्या एजन्सीकडून ट्रान्स्फरचा कागद घ्या. जोडणी बंदच करायची असेल तर दोन्ही वस्तू जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, अनामत परत मिळते. इंटरनेटवाल्यांचा राउटर परत केल्याची पावती ठेवा. फ्लॅट सोसायटीत असेल तर सामान बाहेर काढायला कित्येक ठिकाणी सोसायटीचा ना-हरकत कागद मागतात, टेम्पो ठरवण्याआधी ते विचारून ठेवा. टेम्पो आणि माणसे चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात मिळत नाहीत, तुमची तारीख त्या आठवड्यावर गेली तर आधीच बोलून ठेवा.

चावी

भाडे थांबते ते रिकामा ताबा दिल्यावर. सामान नेले पण एक चावी तुमच्याकडे राहिली, किंवा जुनी कपाटे ‘नंतर नेतो’ म्हणून आत राहिली, तर मालक ताबा मिळाला नाही म्हणू शकतो आणि त्यात चूक नाही. मुख्य दार, मागील दार, गेट, टपालपेटी, गच्ची, सगळ्या चाव्या मोजून द्या. शेजाऱ्याकडे ठेवायची असेल तर मालकीणबाईंनी तसे लेखी कळवलेले हवे.

त्याच वेळी दोन प्रतींत एक कागद करा: तारीख, वेळ, चाव्यांची संख्या, मीटरचे आकडे, घराच्या अवस्थेबद्दल एक-दोन ओळी, डिपॉझिटचा हिशेब, दोघांच्या सह्या. त्यात ‘या घरावर माझा भाडेकरू, मुंडकार किंवा अन्य कोणताही हक्क राहिलेला नाही’ असे एक वाक्य घाला. भाडे देऊन घरात राहणारा भाडेकरू १९७५ च्या मुंडकार कायद्यात मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवरच्या घरात राहणारा, कायद्याचे संरक्षण असलेला रहिवासी) ठरत नाही, तरी गोव्यातल्या घरमालकांच्या मनात ही धास्ती घर करून असते, परदेशी राहणाऱ्यांच्या तर जास्तच. हे वाक्य तुमच्याकडून काही काढून घेत नाही, त्यांची भीती मात्र घालवते. पण डिपॉझिट हाती येण्याआधी ‘पूर्ण रक्कम मिळाली’ अशा वाक्याखाली सही करू नका. ‘२८,००० पैकी वजावट इतकी, बाकी इतकी, या तारखेला खात्यात जमा करणार’ असे लिहून घ्या.

भाऊ चावी घ्यायला टाळाटाळ करत असेल तर ठरल्या दिवशी दोन साक्षीदार घेऊन जा, घर रिकामे असल्याचा व्हिडिओ घ्या, आणि ‘आज ११ वाजता चावी देऊ केली, घेतली नाही, चावी माझ्याकडे आपल्यासाठी ठेवली आहे, यापुढे भाड्याची जबाबदारी माझी नाही’ असे पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टने दोन्ही पत्त्यांवर पाठवा. तरीही हलले नाहीत तर वकिलामार्फत चावीसह नोटीस द्या.

डिपॉझिट आले नाही तर

पोलीस चौकीत ‘हा दिवाणी मामला आहे’ हेच ऐकायला मिळेल, आणि ते बरोबर आहे. आधी १५ दिवसांची मुदत देऊन लेखी मागणी करा, सोबत नोटिशीची पोच आणि चावीच्या कागदाची प्रत जोडा. वजावट मान्य नसेल तर गवंड्याची, रंगाऱ्याची बिले मागा. पुढची पायरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथे खटला दाखल न करताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, आणि एवढ्या रकमेसाठी तीच वाट सोयीची. त्यातून मिटले नाही तर दिवाणी दावा, आणि तो पैसे देय झाल्यापासून ३ वर्षांच्या आत. मालकीणबाई चवथीला किंवा नाताळात गावी येत असतील तर त्या येण्याच्या दिवसांत समोरासमोर बसणे पत्रांपेक्षा लवकर फळते. मात्र तोवर लेखी मागणी झालेली असू द्या.

निघण्याआधी मागून घ्यायचा एक कागद

गोव्यात सरकारी नोकरीच्या अर्जाला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, आणि तो मागताना तुम्ही कोणत्या वर्षी कुठे राहत होता याचे पुरावे द्यावे लागतात. मुले शिकत असतील तर हे आजच ध्यानात घ्या. भाऊ सही करायला बसलाच आहे, तेव्हा ‘अमुक महिन्यापासून ४ ऑगस्टपर्यंत हे कुटुंब या घरात भाड्याने राहत होते’ असे पत्र आणि राहिलेल्या भाडेपावत्या त्याच बैठकीत घ्या. घर विकले गेले किंवा मालक बदलले की पाच वर्षांनी हा कागद देणारे कोणी उरत नाही. मतदार यादीतला पत्ता नमुना ८ भरून फोंड्याला बदला, आधारवरचाही बदला. मालकाने पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज दिला असेल तर तुम्ही घर सोडल्याचे तिथे कळवायला त्याला सांगा, चावीच्या कागदाची प्रत त्यासाठी पुरते.